यंदा आमच्याकडे नाताळ नाही

तासगाव तालुक्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. लिहिणाऱ्या बाई चाळिशीच्या. भाद्रपदात त्यांचे पती हृदयविकाराच्या झटक्याने गेले. घरी सासूबाई, अकरावीतली मुलगी, सातवीतला मुलगा आणि दीड एकर द्राक्षबाग. पतीच्या माघारी हा पहिला नाताळ. भावकीतल्या थोरांनी सांगितलंय की वर्षभर सण नाही. घरावर नाताळचा कागदी तारा लावायचा नाही, फराळ करायचा नाही, नवीन काही नेसायचं नाही, नाताळगीतं गाणाऱ्यांनी दारात यायचं नाही. सासूबाईंचंही तेच म्हणणं. मंडळीच्या, म्हणजे त्यांच्या चर्चच्या, तरुण संघाने 'तुमच्या दुःखाचा मान ठेवून' यंदाच्या यादीतून त्यांचं घर वगळलं. मुलगा मात्र रोज विचारतो, "पप्पांचा तारा लावायचा ना?" बाई पुढे लिहितात : "यादीतून नाव काढलं हे ऐकून सुटल्यासारखंही वाटलं आणि कुणीतरी वाळीत टाकल्यासारखंही. बागेच्या कामामुळे बरेच रविवार देवळातली भक्ती चुकली, त्यावर एकजण बोललीही. आणि गेले तरी गाणं तोंडातून निघत नाही. शेजारी बसलेली बाई मोठ्याने गाते, तिचा राग येतो. माझा विश्वास गेला का? नाताळ करावा की करू नये, एवढं एका वाक्यात सांगा, पाळकसाहेब."

ताई, सलाम.

एका वाक्यात मागितलंत, म्हणून आधी ते वाक्य देतो. तारा लावा, कढई चढवू नका, आणि गाणारी चार पोरं दारात येऊ द्या. पण हे वाक्य उद्या भावकीपुढे, आणि त्याहून अवघड म्हणजे सासूबाईंपुढे टिकायचं असेल, तर त्यामागचा विचार तुमच्यापाशी हवा. म्हणून पुढचं सगळं लिहितो.

भावकीतल्या थोरांवर रागावू नका. वर्षभर सण न करण्याची रीत ज्यांनी घातली, त्यांना दुःख ठाऊक होतं. ज्या घरातलं कर्तं माणूस गेलं, त्या घरच्या बाईने करंज्यांचं सारण भाजत बसावं, आल्यागेल्याला हसून वाढावं, ही अपेक्षा कुणी करू नये म्हणून ती रीत. 'यंदा आमच्याकडे नाताळ नाही' एवढं म्हटलं की पुढे कुणी विचारत नाही. या वाक्याचा आडोसा मला मोलाचा वाटतो. तुम्हाला जिथे हवा असेल तिथे तो जरूर घ्या. भगिनी मंडळाच्या फराळाला यायचं नसेल, येऊ नका. कुणाच्या साखरपुड्याला जायचं नसेल, जाऊ नका. कारण द्यायची गरज नाही.

पण याच रितीत आणखीही एक गोष्ट शिरली आहे. घराला कामातून मोकळं करता करता आपण त्या घराला माणसांतूनही काढून टाकतो. मातीच्या दिवशी तुमच्या अंगणात उभं राहायला जागा नसेल. आता डिसेंबरात, जेव्हा सहा वाजताच अंधार पडतो आणि रात्र सरता सरत नाही, तेव्हा मान ठेवायचा म्हणून कुणी यायचंच नाही असं ठरलं आहे. पहिली गोष्ट माया आहे. दुसरी सवय आहे, आणि ती मोडायला माझी हरकत नाही.

वर्षाचं हे माप आपल्या शास्त्रात, बायबलात, नाही. मोशेसाठी इस्राएल लोकांनी तीस दिवस शोक केला. याकोब मिसरात, म्हणजे इजिप्तात, मरण पावला तेव्हा तिथल्या लोकांनी सत्तर दिवस शोक केला. त्यानंतर ती माणसं उठली आणि पुढच्या वाटेला लागली. वर्षाचा हिशेब आपण आजूबाजूच्या गावाकडून घेतला. त्यात गैर काही नाही. आपण याच मातीतले. संक्रांतीला तिळगूळ आपल्याही घरात येतो, हुरड्याला आपणही जातो. पण घेतलेली रीत कुठवर पाळायची हे आपण ठरवू शकतो, आणि गावंही ते ठरवतात. शिरोळ तालुक्यातलं हेरवाड तुमच्यापासून फार लांब नाही. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी आणि मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करायचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सुचवलं. हेरवाड शेतकऱ्यांचंच गाव आहे, तुमच्या गावासारखं. भावकीत कुणी 'लोक काय म्हणतील' म्हणालं, तर हे शांतपणे सांगा. आणि नवीन नेसायचं नाही ही अट तर मनातून काढूनच टाका. नेसावंसं वाटलं तर नेसा, नाही वाटलं तर राहू द्या.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीताकडे येतो. ते एकट्या तुमचं नाही, आपल्या सगळ्या मंडळ्यांचं आहे. नाताळ हा आनंदाच्या घराचा सण, ज्या घरात आनंद नाही त्या घराला यंदा सुट्टी, असं आपण धरून चालतो. ताई, लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय पुन्हा काढून वाचा, मेंढपाळांच्या पुढचा भाग. बाळाला मंदिरात आणतात तेव्हा त्याला ओळखणारी दोनच माणसं तिथे आहेत. एक म्हातारा शिमोन, दुसरी हन्ना. हन्नाचा नवरा लग्नानंतर सात वर्षांत गेला होता. तेव्हापासून ती विधवा, आणि आता चौऱ्याऐंशी वर्षांची. येरुशलेमात सुटकेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाविषयी सांगत जाणारी बाई ती. तिला कुणी दारात अडवलं नाही. आणि शिमोनने तर त्याच वेळी, बाळ हातात असताना, मरीयेला सांगितलं की तुझ्याही जिवातून तलवार जाईल.

मत्तयाच्या शुभवर्तमानाकडे गेलात तर तिथे याहून कठीण आहे. ताऱ्यामागे बाळाला शोधत आलेले पूर्वेकडचे ज्ञानी, मागी लोक, परत जातात न जातात तोच हेरोद राजाची माणसं लहान बाळांना मारायला बेथलेहेमात शिरतात, आणि मत्तय जुन्या करारातल्या राहेलीचं रडणं आठवतो. ती आपल्या मुलांसाठी रडते आणि कुणाचं सांत्वन घेत नाही. जुन्या मंडळ्यांनी त्या बाळांच्या आठवणीसाठी २८ डिसेंबर हा दिवस राखून ठेवला, नाताळापासून अवघ्या तीन दिवसांवर. आपल्या रविवारशाळेच्या नाटिकेत मेंढपाळ येतात, मागी येतात, कापसाची दाढी लावलेला योसेफ येतो. राहेल येत नाही. लहान मुलांच्या नाटिकेत तिला आणणं बरं नाही, हे मीही मानतो. पण त्यामुळे मोठ्या माणसांनाही ती या गोष्टीत आहे याचा विसर पडला आहे. तुम्ही नाताळाच्या गोष्टीबाहेर उभ्या नाही आहात, ताई. त्या गोष्टीत तुमच्यासारख्या बायका अगदी सुरुवातीपासून आहेत.

नाताळाआधीचे चार रविवार, आगमनकाळाचे, हेही मुळात वाट पाहण्याचे आणि पश्चात्तापाचे दिवस. वेदीवर जांभळं कापड असतं ते त्यासाठीच. पण डिसेंबर लागला की आम्ही पाळकच मांडववाला, जेवणावळ, स्नेहसंमेलन, कॅरलच्या गाडीचं डिझेल यांत इतके गुंततो की ते चार रविवार कसे गेले कळत नाही. यंदा तुम्हाला नाताळ जमला नाही, तरी आगमनकाळ तुम्ही पाळतच आहात, आणि आमच्यातल्या पुष्कळांपेक्षा खरेपणाने.

गाणं निघत नाही, याविषयी. विश्वास गेला असता तर हा प्रश्न तुम्हाला छळलाच नसता, असं कुणी तुम्हाला सांगेल. मी तसं सांगत नाही, कारण त्याने तुमचा घसा मोकळा होणार नाही. त्याऐवजी १३७ वं स्तोत्र उघडा. बंदिवान करून बाबेलात नेलेली, तिथल्या नद्यांकाठी बसलेली माणसं आपली वाद्यं झाडांना टांगून ठेवतात आणि म्हणतात, परक्या भूमीत आम्ही परमेश्वराचं गीत कसं गावं? गाता येत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि तेच आपल्या पवित्र गीतांच्या संग्रहात जाऊन बसलं. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं. शेवटी एकही उजेडाची ओळ नाही. ते कुणी गाळलं नाही, दुरुस्त केलं नाही. देवाच्या लोकांनी ज्या ज्या अवस्थेत देवाकडे तोंड केलं त्या सगळ्या अवस्था तिथे राहू दिल्या आहेत. तुमचीही तिथे आहे.

आणि रागाविषयी. लाजर मेल्यावर मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी वेगवेगळ्या वेळी येशूला अगदी एकच वाक्य ऐकवलं, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. त्यात राग आहे, तक्रार आहे. येशूने कुणालाही 'असं बोलू नये' म्हटलं नाही. मार्थेशी तो बोलला, मरीयेसमोर रडला. तुमचा राग शेजारच्या बाईवर निघतोय, कारण ती जवळ आहे आणि तिचा आवाज मोठा आहे. तो जिथे न्यायचा आहे तिथे न्या. घरी, एकटी असताना, मोठ्याने बोला. 'तुम्ही इथे असता तर' इथून सुरुवात करा. पुढचे शब्द सुचतील.

देवळात तोवर मागच्या बाकावर बसा, दाराजवळ. गाणं सुरू झालं की उभं राहायचं नसेल तर बसून राहा. गीताचं पुस्तक उघडून नुसत्या ओळी वाचल्यात तरी पुरे. मंडळी गाते तेव्हा ज्यांना गाता येत नाही त्यांच्या वाटचंही ती गाते, मंडळी असण्याचा हाच उपयोग. प्रभुभोजनाचा रविवार मात्र शक्यतो चुकवू नका. तिथे तुम्हाला काही म्हणावं लागत नाही, फक्त हात पुढे करावा लागतो.

भक्ती चुकते म्हणून जी कोणी बोलली, तिने बहुधा द्राक्षबाग लांबूनच पाहिली असावी. फळछाटणी झाल्यापासून घड हाती येईपर्यंतचे चार महिने म्हणजे काय, हे तुमच्या भागात लेकराला विचारलं तरी सांगेल. रात्री आभाळ आलं, पहाटे दव पडलं, की डावणी या बुरशीच्या रोगासाठी औषध मारायला दुपारची वाट पाहता येत नाही, मग तो रविवार असो की आणखी काही. दीड एकरावर सोसायटीचं कर्ज आणि दोन मुलांची शिक्षणं उभी असताना बाग सोडून येणं म्हणजे भक्ती नव्हे. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी बैल विहिरीत पडला तर तुम्ही त्याला लगेच वर काढणार नाही का, हा प्रश्न खुद्द प्रभूने विचारला आहे. आणि ख्रिस्तजन्माची बातमी पहिल्यांदा ज्यांच्या कानावर गेली ते मेंढपाळही त्या रात्री राखणीच्या कामावर होते, कुठल्या सभेत नव्हते. बागेत असाल त्या रविवारी, पंप भरायच्या आधी, एक प्रार्थना म्हणा. मुलांना मात्र देवळात पाठवा. त्यांना मंडळीतली चार माणसं भेटणं तुमच्याइतकंच गरजेचं आहे. ज्यांच्या घरी मोटरसायकल आहे आणि वाटेवर तुमचं घर आहे असं कुणी ना कुणी असेल, त्यांना सरळ सांगा.

माझ्या पाळकपणाच्या काळात एका गावी असंच झालं होतं. एका घरात त्या वर्षी तरणी मुलगी गेलेली. नाताळगीतं गाणारी पोरं त्या घराजवळ आली तसं त्यांनी ढोलकी बंद केली, बॅटऱ्या विझवल्या आणि पाय न वाजवता पुढे गेली. हेतू किती चांगला! दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरचे आजोबा देवळाच्या पायरीशी आले आणि पोरांना म्हणाले, "रात्री आमचं घर चुकलं काय रं?" ते जागेच होते. अंथरुणात बसून वाट बघत होते. पोरांना काय बोलावं कळेना. मग त्यातली तिघंचौघं त्याच दुपारी त्यांच्याकडे गेली. गाणं झालंच नाही, आजोबांनी मुलीचे फोटो दाखवले.

म्हणून तरुण संघाला तुम्ही स्वतः, किंवा मुलीमार्फत, निरोप द्या. मुलं वाईट वागली नाहीत, त्यांनी फक्त तुम्हाला विचारलं नाही. निरोप असा द्या की समजायला सोपा जाईल. सगळी गाडी नको, चारपाच जणच या. रात्री अकरा-बाराला नको, सातच्या सुमाराला, मुलं जागी असताना. ढोलकी नको, टाळ चालेल. एक भजन आणि एक प्रार्थना. चहा मिळणार नाही, डब्यात पैसे पडणार नाहीत. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी आयुष्याची अखेरची वर्षं आमच्या साताऱ्यात काढली आणि १९१७ साली इथेच 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळ सुरू केला. त्यांची भजनं ओवी-अभंगाच्या वळणाची आहेत, हळू आवाजात, बसल्या जागी म्हणता येतात. पोरांना त्यातलं एक निवडायला सांगा. त्या वेळी तुम्हाला ओट्यावर उभं राहणं झेपलं नाही तर आत राहा आणि दार नुसतं लोटून घ्या. मुलगा बाहेर उभा राहील. ऐकू तर आतही येतं.

आता सासूबाई. पत्रात त्यांच्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिलीत, आणि तुमच्या घरातली सगळ्यात मोठी गाठ मला तिथेच दिसते. तुमचा नवरा गेला. त्यांचा मुलगा गेला, आणि तो त्यांच्या आधी गेला. म्हातारी बाई 'सण नाही' म्हणते तेव्हा ती भावकीचा नियम सांगत असेलच असं नाही. कदाचित तिला एवढंच म्हणायचं असेल की माझ्या लेकाशिवाय या घरात दिवा कसा लागतो ते मला बघवणार नाही. शिवाय आणखी एक भीती असू शकते, जी आपल्या घरांत कुणी बोलून दाखवत नाही. ख्रिस्ती माणूस मृत्युपत्र न करता गेला तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्याच्या नावावरच्या मालमत्तेत पत्नीचा एक तृतीयांश आणि मुलांचा मिळून दोन तृतीयांश वाटा असतो. मुलं असताना आईचा वाटा नसतो. वारसनोंदीसाठी तुम्ही तलाठ्याकडे कागद दिले असतील, किंवा देणार असाल. त्या कागदावर आपलं नाव नाही, हे सासूबाईंना कुणीतरी सांगितलं असेल. ज्या घरात आपला लेक नाही आणि कागदावर आपण नाही, तिथे आपलं काय, हा प्रश्न सत्तरीतल्या बाईला रात्री झोपू देत नाही. मग ती रितीला धरून बसते, कारण रीत तरी तिला विचारल्याशिवाय मोडत नाही.

तेव्हा ताऱ्याचा विषय काढण्याआधी एखाद्या दुपारी उन्हात त्यांच्याजवळ बसा आणि त्यांच्या मुलाविषयी विचारा. लहानपणी नाताळाला तो काय करायचा, पहिला तारा कधी केला, कामट्या कुठून आणायचा. त्या रडतील. रडू द्या, तुम्हीही रडा. मग सांगा, "आई, तुम्ही या घरातून कुठं जाणार नाही, मीपण जाणार नाही." हे त्यांनी ऐकलेलं असेल असं समजू नका, तोंडाने सांगा. त्यानंतर, त्याच दिवशी नाही, एकदोन दिवसांनी म्हणा, "पोरगं त्याच्या बापाचा तारा मागतंय. तुम्ही सांगाल तसं करू." मला वाटतं त्या हो म्हणतील. नाही म्हणाल्याच, तर तारा घराबाहेर न लावता मुलाच्या अभ्यासाच्या खिडकीत आतून लावायचं विचारून पाहा. त्यालाही नकार आला, तर यंदा तारा राहू द्या. मुलाला आजीचं दुःख समजावून सांगा आणि दोघांनी मिळून कामट्या पुढच्या वर्षासाठी जपून ठेवा. मुलासाठी आजीशी लढाई करून लावलेला तारा त्या पोराला नकोसा होईल.

पण मुलगा 'पप्पांचा तारा' म्हणतो, हे मात्र नीट ऐका. तो सण मागत नाही. वडिलांचं एक काम राहिलंय ते करायला मागतो. त्याला बाजारातून तयार तारा आणून देऊ नका. जुना सांगाडा माळ्यावर असेल तर तोच काढू द्या, कागद नवा चिकटवू द्या. वाकडा झाला तरी हात लावू नका. आणि मुलीकडे बघा. तिच्याविषयी तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. अकरावीतली मुलगी, जी काही मागत नाही, रडत नाही, घरातलं अर्धं काम करते, तिची मला मुलापेक्षा जास्त काळजी वाटते. तिला एकदा एकटीला घेऊन बाहेर पडा. तासगावच्या बाजारापर्यंत गेलात तरी चालेल. काही विचारू नका, ती बोलली तर ऐका.

फराळ करायचा नाही, पण कुणी आणून दिला तर परत पाठवू नका. शेजारणी डबा घेऊन येतील, त्यांत दरवर्षी तुमच्याकडच्या करंज्या खाल्लेल्या बायका असतील. दिवाळीचा आणि नाताळाचा हा व्यवहार आपल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. डबा रिकामा परत द्यायची लाज वाटू देऊ नका. २४ तारखेला दुपारी मुलांना घेऊन कबरीकडे जाऊन या. संध्याकाळी नको, त्या वेळी घरी थांबा. २५ ची मोठी भक्ती तुम्हाला जड जाईल. नवे कपडे, हस्तांदोलन, 'नाताळच्या शुभेच्छा', आणि मध्येच तुम्हाला पाहून गप्प होणारी माणसं. पहाटेची किंवा आदल्या रात्रीची भक्ती असेल तर ती निवडा, अंधारात बसता येतं. नसेल तर २५ ला उशिरा या, आशीर्वाद झाला की निघा.

३१ च्या रात्रीविषयी मात्र आधीच सावध करतो. बऱ्याच मंडळ्यांत वर्ष सरताना त्या वर्षी प्रभूमध्ये निजलेल्यांची नावं वाचतात. नवऱ्याचं नाव अचानक, भरल्या देवळात, ध्वनिक्षेपकावरून कानावर पडणं ही साधी गोष्ट नाही. तुमच्या पाळकांना आधी भेटा आणि नाव कधी, कसं वाचणार ते विचारा. नको असेल तर नको सांगा. हवं असेल तर त्या वेळी शेजारी कुणी बसावं हे ठरवून ठेवा.

खरी परीक्षा नाताळात नाही, जानेवारी-फेब्रुवारीत आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. माल तयार होईल, व्यापारी बागेत येईल, आणि चार किलोच्या पेटीचा दर बाईमाणूस समोर आहे हे पाहून बोलेल. मंडळीत द्राक्षवाली माणसं असतील. त्यांच्यातल्या एकाला, शक्यतो वयस्कर आणि ज्याचं बाजारात ऐकतात अशाला, त्या दिवशी बागेत येऊन बसायला सांगा. बोलणी तुम्हीच करा, तो नुसता बसू दे. रोख पैसे हातात आल्याशिवाय सगळा माल उचलू देऊ नका. वारसनोंद, बँकेतलं खातं, सोसायटीचं कर्ज यांसाठी मंडळीतला एखादा निवृत्त शिक्षक किंवा कारकून तुमच्याबरोबर कचेरीत येऊ शकतो. जमिनीच्या वाट्याचं मी वर लिहिलं ते ढोबळ आहे. सह्या करण्याआधी वकिलाला कागद दाखवा.

ही माणसं मागितल्याशिवाय येणार नाहीत. त्यांना काय करावं ते सुचत नाही, म्हणून ती 'मान ठेवून' लांब राहतात. काम सांगितलंत की त्यांचीही सुटका होते. हे तुमच्यासारख्या इतर घरांनाही सांगतो, आणि मंडळ्यांच्या कमिट्यांनाही. डिसेंबरच्या बैठकीत जेवणाचा खर्च ठरला की एक विषय आणखी घ्या. यंदा कुणाकुणाच्या घरी माणूस गेलं, आणि त्या प्रत्येक घरी कोण जाऊन विचारणार की तुम्हाला काय हवंय. काही परदेशी मंडळ्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्री, २१ डिसेंबरच्या आसपास, दुःखातल्या माणसांसाठी वेगळी शांत भक्ती ठेवतात. तसं आपल्याकडेही करता येईल. मांडव नको, ध्वनिक्षेपक नको. दहा माणसं आली तरी चालेल.

एक गोष्ट तब्येतीची. दुःखात झोप मोडते, भूक जाते, हे होणारच. पण आठवडेच्या आठवडे झोप नाही, उठवत नाही, किंवा आपणही जावं असं मनात येऊ लागलं, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरही हवा. मिरज-सांगलीच्या शासकीय रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. १४४१६ हा मानसिक आधारासाठीचा सरकारचा टेलिमानस फोन क्रमांक आहे, दिवसरात्र चालू, फुकट. यात विश्वासाची कमतरता कुठेही येत नाही. मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेससाहेबांनी १८९४ साली दवाखाना उभारला तेव्हापासून आपल्या भागातल्या मंडळ्या औषध आणि प्रार्थना एकाच छपराखाली पाहत आल्या आहेत.

तरुण संघाची यादी बहुतेक डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पक्की होते. सासूबाईंशी बोलणं त्याआधी करा, आणि मगच मुलीला निरोप घेऊन पाठवा. त्या हो म्हणाल्या असतील तर निरोपात त्यांचंही नाव घाला, 'आजीने बोलावलंय' असं. पोरं वेळेवर येतील.